टायर कधी बदलायचा : मापाने की खिशाने?

(रेल्वे कामगारांच्या अभ्यासवर्गात शाखा चिटणिसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘पिकअप गाडीचे टायर’ हा विषय छापलेला पाहून तुमच्यापैकी काहीजण हसले, ते आम्ही पाहिले. सकाळी पेन्शनवर बोलणे झाले, दुपारी खाजगीकरणावर व्हायचे आहे, मध्येच हे टायर कुठून आले, असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. युनियनने पगार, भत्ते आणि बदल्या यांवर बोलावे. टायरचे काय ते गॅरेजवाला पाहील.

आम्हालाही एके काळी असेच वाटत होते. त्या वाटण्याची किंमत आमच्या एका माणसाने मोजली. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला आहे.

आज आपल्यापैकी कितीतरी जणांचा जीव अशा छोट्या मालगाड्यांच्या चाकांवर असतो. टपालाच्या पिशव्या घेऊन पहाटे निघणाऱ्या गाड्या आहेत. रुळांचे सामान साइटवर पोचवणाऱ्या भाड्याच्या गाड्या आहेत. आपल्या सोसायट्यांच्या, कँटीनच्या गाड्या आहेत. पगार पुरत नाही म्हणून कर्ज काढून पिकअप घेतलेली आपली मुले, भाऊ, मेहुणे आहेत. या प्रत्येक गाडीच्या बाबतीत कधी ना कधी एक प्रश्न येतो. टायर आत्ता बदलायचे की आणखी थोडे दिवस चालवायचे? हा निर्णय कशावर घ्यायचा आणि कोणी घ्यायचा, एवढेच आज सांगायचे आहे.

रेल्वेत आपण काय करतो?

आम्ही कॅरेज-वॅगनमध्ये खलाशी म्हणून लागलो आणि फिटर झालो. शिक्षण दहावी. पण पिट लाइनवर एक गोष्ट पहिल्याच महिन्यात शिकलो. चाकाच्या बाबतीत डोळ्यावर विसंबायचे नाही, गेज लावायचा. त्या गेजचे नावच टायर डिफेक्ट गेज. टी.एक्स.आर. तो घेऊन गाडीच्या कडेने चालतो. चाकाचा रुळावर चालणारा भाग झिजून फ्लँजची उंची ३५ मिलिमीटरच्या पुढे गेली की चाक नापास. ब्रेक चिकटून चाक घासले आणि त्याला चपटेपणा आला, तर प्रवासी डब्याला ५० मिलिमीटर आणि मालडब्याला ६० मिलिमीटर ही हद्द. आय.सी.एफ. डब्याचे नवे चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचे असते. लेथवर कातून कातून ते ८२५ पर्यंत चालते, त्यापुढे कंडेम.

आता लक्षात घ्या, गेजमध्ये नापास झालेल्या चाकाबद्दल कोणी असे म्हणत नाही की, ‘यंदा बजेट नाही, दिवाळीपर्यंत चालवू.’ डबा सिक लाइनला जातो. गाडीला उशीर होतो, साहेब चिडतात, फोन खणखणतात, पण डबा कापला जातो. हा नियम वरून कोणी दयेने दिलेला नाही. अपघात झाले, माणसे गेली, तेव्हा मापे ठरली. टी.एक्स.आर.च्या हातात गेज आहे म्हणून तो साहेबासमोर ताठ उभा राहू शकतो. ‘मला वाटते’ असे म्हणणाऱ्याला गप्प बसवता येते. ‘माप असे आहे’ म्हणणाऱ्याला गप्प बसवणे अवघड असते.

हे सगळे आम्हाला ठाऊक होते. तरी सोसायटीच्या गाडीच्या वेळी आम्ही ते विसरलो.

आमच्या सोसायटीची गाडी

आमची कॉलनी घाटमाथ्यावर आहे. कामगारांची एक छोटी ग्राहक सोसायटी होती. नाशिकच्या बाजारातून धान्य, तेल, साबण आणून सभासदांना रास्त भावात द्यायचे, असे तिचे काम. त्यासाठी २०१३ साली एक जुनी पिकअप घेतली. आम्ही सातजण कमिटीवर होतो. सातही जण युनियनचे कार्यकर्ते.

२०१७ च्या एप्रिलमध्ये ड्रायव्हरने एक अर्ज दिला. वहीच्या पानावर चार ओळी होत्या. पुढचे दोन्ही टायर गोटा झाले आहेत, मागच्या एकाला कडेला चीर आहे, पावसाळ्याआधी टायर मिळावेत. अर्ज बैठकीत वाचला गेला. चार टायरांचा खर्च निघाला. तेवढे पैसे शिल्लक होते, पण दुकानाच्या पत्र्याचेही काम काढायचे होते. चर्चा झाली. एकजण म्हणाला, ‘आमच्या मेव्हण्याची गाडी अशाच टायरवर वर्षभर चालली.’ दुसरा म्हणाला, ‘अजून फुटला तर नाही ना?’ आणि ठरले की दिवाळीनंतर बघू. त्या ठरावावर आमचीही सही आहे.

जुलैत मुसळधार पावसात गाडी माल भरून परत येत होती. कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर एकदम हायवेवर आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ती पाण्यावर घसरत आडवी झाली आणि चरात गेली. ड्रायव्हरच्या गळपट्टीचे हाड मोडले. शेजारी बसलेल्या आमच्या एका निवृत्त सभासदाच्या हाताला टाके पडले. धान्य भिजले ते वेगळेच.

आता पुढचे ऐका, कारण लाज त्याचीच वाटते. दोन दिवसांनी कमिटी बसली. पहिला प्रश्न कोणता विचारला गेला? ‘वेग किती होता?’ दुसरा, ‘फोनवर बोलत होता का?’ तिसरा, ‘रात्री झोपला होता का नीट?’ बंधुभगिनींनो, आयुष्यभर आम्ही हेच प्रश्न प्रशासनाच्या तोंडून ऐकले. अपघात झाला की चौकशीत शेवटी ‘मानवी चूक’ लिहायचे आणि सर्वांत खालच्या माणसाला चार्जशीट द्यायची, याविरुद्ध आम्ही गेट सभा घेतल्या. आणि स्वतः मालक झाल्याबरोबर तीच भाषा आमच्या तोंडी आली.

बैठकीत एक वयस्कर भगिनी होत्या, गँगमध्ये काम करून निवृत्त झालेल्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘एप्रिलचा अर्ज काढा.’ अर्ज फाइलमध्ये होता. त्यावर ‘दिवाळीनंतर’ असा शेरा होता. मग कोणी बोलले नाही.

ड्रायव्हरचा तीन महिन्यांचा पगार आणि दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. ते कर्तव्यच होते, उपकार नव्हेत. त्यानंतर टायर कधी बदलायचा याचे नियम आम्ही बसून तयार केले. ते आता सांगतो.

पहिली कसोटी : खोली

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. पावसात रस्ता आणि रबर यांच्यामध्ये आलेले पाणी त्या खाचांतून बाजूला जाते. एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग आपल्या पंजापेक्षा फार मोठा नसतो. अशा चार पंजांवर दीड-दोन टनांची गाडी आणि वर माल. खाचा उथळ झाल्या की वेगात पाणी बाहेर पडायला वाव राहत नाही. टायर पाण्यावर तरंगतो आणि मग ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. आमच्या गाडीचे हेच झाले.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीबद्दल आहे. चारचाकी गाडीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, दुचाकी-तीनचाकीची ०.८ पेक्षा कमी नसावी. हे ओळखायची सोय टायरवरच केलेली असते. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टी.डब्ल्यू.आय. ही अक्षरे शोधा. त्या खुणेच्या रेषेत वर खाचेत पाहिले की तळाशी रबराचा एक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीवर आला की कायद्याने त्याचे आयुष्य संपले.

पण ती शेवटची हद्द आहे, बदलण्याची योग्य वेळ नव्हे. १.६ पर्यंत पोचेपर्यंत ओल्या रस्त्यावरची पकड कितीतरी आधीच कमी झालेली असते. म्हणून आम्ही आमच्या गाडीसाठी ३ मिलिमीटर ही हद्द धरली आहे. मे महिन्यात मोजायचे. ३ च्या जवळ असेल आणि पावसाळा पुढे असेल तर बदलायचा. हिशेब सोपा आहे. पुढच्या चार महिन्यांत गाडी किती चालणार आणि तोपर्यंत काय उरणार, हे आधी पाहायचे.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. वर्कशॉपमध्ये आपण रोज व्हर्नियर वापरतो. त्याच्या मागून जी बारीक पट्टी निघते ती खाचेत उभी धरली की खोली कळते. मात्र एकाच जागी मोजू नका. आतली कड, मधला भाग आणि बाहेरची कड अशा तीन जागी मोजा, आणि चाक फिरवून पुन्हा मोजा. सर्वांत कमी भरेल ते माप खरे. आतली कड दिसत नाही म्हणून तिथेच फसगत होते.

दुसरी कसोटी : वय

टायर झिजला नाही म्हणजे चांगला आहे, असे नाही. रबर पडूनही म्हातारे होते. ऊन, हवा आणि उष्णता यांनी ते कडक होते, बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेवर एका चौकटीत चार आकडे असतात. समजा २३१९ असे असेल, तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात तो टायर तयार झाला. हे वाचायला कोणी शिकवत नाही, म्हणून दुकानदार दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर नवा म्हणून देतो आणि आपण घेतो.

पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्या माणसाकडून टायर तपासून घ्यावा. कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नये, असे टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याच सांगतात. माल वाहणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला आम्ही सहा वर्षांची हद्द ठेवली आहे. आणि स्टेपनी विसरू नका. ती गाडीखाली टांगलेली असते, कोणी पाहत नाही. ज्या दिवशी तिची गरज लागते, त्या दिवशी ती इतर चारांपेक्षा म्हातारी निघते.

तिसरी कसोटी : जखमा

काही गोष्टींत माप आणि वय पाहायचे कारणच नाही. टायरच्या बगलेला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. तो आजच काढायचा. चिरेतून दोरा किंवा तार दिसत असेल, तोही आजच. बगलेतले पंक्चर काढून चालवू नये. खिळा मधल्या भागात असेल तर दुरुस्ती होते, बगल मात्र वाकत राहणारा भाग असल्याने तिथले ठिगळ टिकत नाही. पंक्चरवाला ‘चालेल’ म्हणेल. त्याला गाडीत बसायचे नसते.

झीज काय सांगते?

आपण चाक पाहून ट्रॉलीचा दोष ओळखतो. तसेच इथे आहे. टायर मध्येच जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जाते आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी आहे. एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजले असेल तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा चाकाचा बॅलन्स पाहायला हवा. हे कारण दूर न करता नवे टायर घातले, तर ते पैसेही त्याच वाटेने जातील. म्हणून आमचा नियम आहे की आधी कारण शोधायचे, मग टायर घ्यायचा.

हवा गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना पाहायची. किती भरायची तो आकडा गाडीच्या दारावर किंवा माहितीपुस्तकात असतो, आणि रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी तो वेगवेगळा असतो. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, ती काढून टाकू नये. नागपूर, इटारसी, सिकंदराबाद अशा कडक उन्हाच्या भागांत काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे. कमी हवेचा आणि जास्त मालाचा टायर सारखा दबत राहतो, आतून तापतो आणि भर वेगात फुटतो. पावसाळ्यात गोटा टायर मारतो आणि उन्हाळ्यात कमी हवेचा मारतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर परिवहन खात्याला २०२३ मध्ये गाड्यांचे टायर तपासून खराब टायरच्या गाड्या मागे फिरवाव्या लागल्या, त्याचे कारण हेच.

दोन बदलायचे की चार?

पैसा कमी असतो, म्हणून बहुतेक वेळा दोनच टायर घेतले जातात. मग ते पुढे लावायचे की मागे? आपल्याकडे शंभरातले नव्वद जण सांगतील, पुढे. टायरचे जाणकार सांगतात, मागे. आम्हालाही हे उलटे वाटले होते. पण पुढची चाके घसरली तर ड्रायव्हरला स्टिअरिंगवर कळते आणि तो वेग कमी करून सावरू शकतो. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ती सावरणे चांगल्या ड्रायव्हरलाही कठीण. त्यात रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. मात्र याचा अर्थ पुढे गोटा टायर ठेवा असा नव्हे. पुढचे दोन्ही हद्दीच्या आत असतील तरच दोन घ्या, नाही तर चारही घ्या. आणि एका धुरीवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे असले पाहिजेत.

रिट्रेड टायरबद्दल नेहमी विचारले जाते. मोठ्या ट्रक-बसला मागच्या चाकांवर चांगल्या कारखान्यातले रिट्रेड टायर चालतात. आपल्या एस.टी. महामंडळाचे तर स्वतःचे रिट्रेडिंगचे कारखाने आहेत. तिथे तपासणीची व्यवस्था असते. गल्लीतल्या दुकानात जुन्या सांगाड्यावर रबर चढवून मिळणाऱ्या टायरचा सांगाडा कोणी तपासलेला असतो, ते कळायला मार्ग नाही. आमच्या पिकअपला आम्ही ते घेत नाही, आणि पुढच्या चाकांना तर कधीच नाही. कोणाच्या तरी गाडीतून काढलेले जुने टायरही नकोत. नवा टायर घेताना कडेवरचा भार-अंक पाहा. तो गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. कारचा टायर स्वस्त मिळतो म्हणून मालगाडीला बसवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

खिशाचा हिशेब

आता पैशाचे बोलू. कारण ‘हे सगळे पटते हो, पण पैसे?’ हा प्रश्न खोटा नाही. कामगाराचा खिसा आम्हाला माहीत आहे.

समजा एक टायर सात हजार रुपयांचा आहे आणि तो पन्नास हजार किलोमीटर चालतो. म्हणजे एका किलोमीटरला चौदा पैसे. आता टायर हद्दीला आला असताना आपण तो आणखी पाच हजार किलोमीटर ओढला, तर वाचले किती? सातशे रुपये. चारही टायरांचे मिळून दोन हजार आठशे. हे अठ्ठावीसशे रुपये वाचवण्यासाठी आपण ड्रायव्हर, शेजारी बसलेला माणूस, भरलेला माल आणि रस्त्याने चाललेली दुसऱ्याची लेकरे पणाला लावतो. आमच्या सोसायटीने २०१७ मध्ये नेमके हेच केले. नंतर दवाखाना, पगार, गाडीची दुरुस्ती आणि भिजलेले धान्य यांचा जो आकडा झाला, त्यात टायरचे कितीतरी संच आले असते.

खरी अडचण वेगळी आहे. टायरचा खर्च रोज थोडाथोडा होतो, पण पैसे मात्र एकदम द्यावे लागतात. यावर उपाय टायर फंड. त्याच हिशेबाने चार टायरांचे अठ्ठावीस हजार, भागिले पन्नास हजार किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला छप्पन पैसे. गाडी महिन्याला दोन हजार किलोमीटर चालत असेल तर दर महिन्याला अकराशे वीस रुपये बाजूला टाकायचे. डिझेलचे पैसे जसे न विचारता जातात, तसे हेही जायला हवेत. मग हद्द आली त्या दिवशी पैसे तयार असतात आणि ‘दिवाळीनंतर’ म्हणायची पाळी येत नाही.

आणखी एक गोष्ट. नव्या टायरवर २८ टक्के जी.एस.टी. होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. मूळ किंमत साडेपाच हजार असेल तर एका टायरमागे साडेपाचशे रुपयांचा फरक पडतो. पक्के बिल मागा आणि हा फरक आपल्या पदरात पडला की नाही ते पाहा.

ठरवायचे कोणी?

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. टायर कधी बदलायचा हे माप सांगते. पण त्या मापावर अंमल कोण करणार? ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याच्या हातात चेकबुक नसते. ज्याच्या हातात चेकबुक आहे तो गाडीत बसत नाही. ही खरी अडचण आहे, आणि ती टायरची नसून अधिकाराची आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १९० पाहा. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा जसा दोषी, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालवू देणारा दोषी. दोष माहीत असेल, किंवा साधी काळजी घेतली असती तर माहीत झाला असता, तरी ही जबाबदारी येते. म्हणजे कायदा ड्रायव्हरपाशी थांबत नाही. पण चौकशी त्याच्यापाशी थांबते, कारण त्याच्याकडे कागद नसतो. आमच्या ड्रायव्हरने चार ओळींचा अर्ज दिला होता म्हणून तो वाचला. तोंडी सांगितले असते तर आज आम्हीच म्हटले असते, ‘आम्हाला कुठे कळवले?’

म्हणून आमच्या सोसायटीत आता तीन गोष्टी आहेत. एक, गाडीत टायरची वही आहे. प्रत्येक टायरचा नंबर, तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष, बसवल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि दर महिन्याची खोली तिच्यात लिहिलेली असते. दोन, हद्दीखाली गेलेला टायर दिसला तर ड्रायव्हरने गाडी सिक मारायची. त्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही आणि त्या दिवसाचा पगार कापला जात नाही. तीन, अर्ज आल्यापासून सात दिवसांत कमिटीने लेखी उत्तर द्यायचे. नकार द्यायचा असेल तर नकार देणाऱ्याने सही करायची आणि पुढची फेरी स्वतः त्या गाडीत बसून करायची. या शेवटच्या नियमापासून आजपर्यंत एकही नकार आलेला नाही.

जिथे गाड्या कंत्राटी आहेत, तिथे हे अधिक कठीण आहे. सर्वांत कमी दराचे टेंडर मंजूर होते आणि तो कमी दर शेवटी टायरमधून आणि ड्रायव्हरच्या पगारातून निघतो. म्हणून रेल्वेत आणि टपाल खात्यात काम करणाऱ्या प्रत्येक शाखेने आपल्या बैठकीत मागणी ठेवावी. भाड्याच्या गाडीच्या करारात टायरची किमान खोली आणि वयाची हद्द लिहा. महिन्यातून एकदा कर्मचारी प्रतिनिधीसमोर तपासणी करा. खराब टायरमुळे गाडी नाकारणाऱ्या ड्रायव्हरवर, मग तो आपला सभासद असो वा कंत्राटदाराचा माणूस असो, कारवाई करू नका. कंत्राटी ड्रायव्हर आपल्या वर्गणी पुस्तकात नसेल, पण घसरलेली गाडी सभासद आणि बिगरसभासद असा भेद करत नाही.

पण प्रशासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपापल्या अंगणातली गाडी पाहा. सोसायटीची, कँटीनची, मुलाची, भावाची. संध्याकाळी घरी गेल्यावर खाली वाकून चारही टायर आणि स्टेपनी पाहा. त्रिकोणाची खूण शोधा, चार आकडे वाचा, आतल्या कडेवरून हात फिरवा. दहा मिनिटांचे काम आहे.

आमचा ड्रायव्हर आज पुन्हा त्याच सोसायटीत आहे. थंडीत खांदा दुखतो म्हणतो. टायरची वही तोच ठेवतो, आणि दर महिन्याच्या बैठकीत पहिला विषय म्हणून ती वाचली जाते. जमाखर्च त्यानंतर येतो.

एवढे बोलून आम्ही आपले भाषण संपवतो. कामगार एकजुटीचा विजय असो!